आरोग्यसेवा हक्काने मागताना: जनसुनवाईच्या तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

सरकारी दवाखान्यात औषध मिळाले नाही, की बहुतेक माणसे दोनपैकी एक वाट धरतात. पदरमोड करून बाहेरच्या दुकानातून ते विकत आणतात, नाहीतर ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावून आपले काम करून घेतात. त्या एका रुग्णाची वेळ निभावून जाते. पण दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या, कोणाचीही ओळख नसलेल्या बाईला पुन्हा तेच उत्तर मिळते. आरोग्यसेवा हा माणसाचा हक्क आहे असे म्हणताना आपण एवढेच मागत असतो की, ती मिळण्यासाठी ओळख, पैसा किंवा कोणाची मर्जी लागू नये, आणि ती मिळाली नाही तर जबाबदार व्यक्तीने लोकांसमोर येऊन त्याचे उत्तर द्यावे. हे उत्तर मिळवण्याची जी रीत महाराष्ट्रात गेल्या दोन दशकांत रुजली, ती म्हणजे जनसुनवाई: लोकांनी आपली बयाणे मांडायची आणि अधिकाऱ्यांनी तेथेच त्यांची उत्तरे द्यायची अशी जाहीर बैठक. बचत गटातील महिला, ग्रामपंचायत सदस्य, कामगार संघटना, तरुण मंडळे, किंवा तालुक्यातील दवाखान्याच्या अवस्थेने अस्वस्थ झालेली चार-पाच माणसे, यांपैकी कोणीही ती घेऊ शकते.

या रीतीला इतिहास आहे. 2004 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि जन स्वास्थ्य अभियान हे आरोग्यहक्कासाठी काम करणाऱ्या संघटनांचे जाळे यांनी मिळून देशाच्या निरनिराळ्या विभागांत आरोग्यसेवेच्या हक्कावर सुनावण्या घेतल्या आणि सेवा नाकारली गेलेल्या माणसांना थेट आयोगापुढे बोलते केले. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीची तरतूद झाली. त्यानुसार महाराष्ट्रात 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत काम सुरू झाले. त्याच्या राज्यस्तरीय समन्वयाची जबाबदारी पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होती. गावकऱ्यांनीच आपल्या उपकेंद्राची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची पाहणी करावी, त्याचे प्रगतिपुस्तक गावात लावावे आणि मग अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारावेत, अशी ती पद्धत. तुमच्या तालुक्यात असा अधिकृत उपक्रम चालू असो वा नसो, ही पद्धत वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

हक्काचा आधार

भारताच्या राज्यघटनेत आरोग्याचा मूलभूत हक्क असा स्वतंत्र शब्दांत लिहिलेला नाही, आणि हे विरोधी बाजूने तुम्हाला कधी ना कधी ऐकवले जाईल. त्याचे उत्तर तयार असावे. कलम 21 मधील जीविताच्या हक्कात वैद्यकीय उपचाराचा समावेश होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. अपघातग्रस्ताला वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार अडवता येणार नाहीत, असा निकाल 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात लागला. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे कलम 47 सांगते. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1979 मध्ये सामील झाला; त्याचे बारावे कलम आरोग्याच्या हक्काचे आहे.

या सगळ्यांत कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा असा निकाल 1996 चा आहे. पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर 1992 मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला जबर जखमी झाला. कुठे सोय नाही, कुठे खाट रिकामी नाही, असे सांगून त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांतून परत पाठवण्यात आले आणि अखेर खासगी रुग्णालयात सुमारे 17,000 रुपये खर्चून उपचार घ्यावे लागले. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, त्याच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने 25,000 रुपये भरपाई तर दिलीच, शिवाय सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम 21 चा भंग आहे आणि पैशांची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी झटकता येणार नाही, असेही स्पष्ट केले. ‘निधी नाही’ हे वाक्य सुनावणीत हमखास येते. त्या वेळी हा निकाल हाताशी असावा.

तरीही माझा आग्रह असा की, गावपातळीवरच्या सुनावणीत घटनेची कलमे क्वचितच वाचावीत. वैद्यकीय अधिकाऱ्याला बांधून घेणारी गोष्ट असते ती शासन निर्णय, आणि त्यातील तरतूद जितकी नेमकी तितके टाळाटाळीला कमी वाव. काही तरतुदी सर्वांना पाठच असाव्यात. सपाटीवर साधारण 30,000 आणि आदिवासी किंवा डोंगरी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे 5,000 आणि 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे प्रमाण ठरलेले आहे. केंद्रात कोणती पदे, यंत्रे आणि औषधे असलीच पाहिजेत याची यादी भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत आहे. ती 2007 मध्ये पहिल्यांदा आली आणि 2022 मध्ये नव्याने सुधारली गेली. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व सेवा नि:शुल्क आहेत. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये या विभागाखाली येत नाहीत, त्यामुळे तेथे शुल्क घेतले गेले तर हा निर्णय दाखवून उपयोग होत नाही.

बाळंतपणाच्या बाबतीत हक्क आणखी ठळक आहे. 2011 पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थेतील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि लागल्यास रक्त हे सर्व मोफत आहे. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस आईला मोफत आहार मिळायला हवा, तसेच घरून दवाखान्यात, गरज पडल्यास वरच्या रुग्णालयात आणि शेवटी बाळासह परत घरी नेण्याची गाडीही मोफत मिळायला हवी. परतीच्या गाडीचा हक्क फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असतो. ओली बाळंतीण कडेवर बाळ घेऊन वडापच्या जीपमध्ये बसलेली दिसते, तेव्हा तिच्या हक्काची गाडी कोणीतरी पाठवलेली नसते.

तक्रार पुराव्यात कशी बदलावी

‘आमच्या दवाखान्यात काहीच मिळत नाही’ ही तक्रार खरी असते, पण सुनावणीत ती टिकत नाही. अधिकारी शांतपणे म्हणतो की नेमके कधी, कोणाला, काय मिळाले नाही ते सांगा, चौकशी करतो. तिथे विषय संपतो. म्हणून प्रत्येक तक्रार तारीख, जागा, माणूस आणि कागद या चार गोष्टींपर्यंत आणावी लागते.

समजा, कुत्रा चावलेल्या एका मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. सरकारी पद्धतीत रेबीजची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी द्यायची असते. पहिला डोस मिळाला. तिसऱ्या दिवशी लस संपली आहे असे सांगून बाहेरून आणायला चिठ्ठी दिली. वडिलांनी तालुक्याच्या मेडिकलमधून लस विकत आणली. कार्यकर्त्याने त्या घरी जाऊन केस पेपर, लसीच्या नोंदीचे कार्ड, ती चिठ्ठी आणि दुकानाची पावती यांचे फोटो काढावेत आणि मूळ कागद घरातच राहू द्यावेत. रोजगार किती बुडाला, गाडीभाडे किती लागले, पैसे कोणाकडून उसने घेतले, हेही विचारून लिहावे, कारण मोफत सेवेचा कुटुंबाला पडलेला खरा खर्च पावतीपेक्षा मोठा असतो. बयाण त्यांच्याच शब्दांत लिहावे, वाचून दाखवावे आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा.

एवढ्याने अर्धे काम होते. पुढची पायरी माहिती अधिकाराची आहे, आणि बहुतेक गट येथेच थांबतात. त्या महिन्यातील रेबीज लसीच्या साठ्याच्या नोंदी, केंद्राने जिल्हा औषध भांडाराकडे पाठवलेली मागणीपत्रे आणि भांडाराकडून आलेला पुरवठा, या तीन गोष्टींच्या प्रती मागाव्यात. औषधसाठ्याची नोंद ‘ई-औषधी’ या संगणक प्रणालीवर होत असते, त्यामुळे नोंद नाही असे म्हणणे आता अवघड आहे. अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, एका वेळी एकच विषय घेऊन, 150 शब्दांच्या आत लिहावा आणि त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. माहितीचा संबंध एखाद्याच्या जीविताशी असेल तर ती 48 तासांत देणे बंधनकारक आहे. उत्तर न आल्यास पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करावे, त्यासाठी 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो.

आता कागद काय सांगतात ते पाहावे. वैद्यकीय अधिकाऱ्याने लस संपण्याच्या पंधरा दिवस आधी मागणी पाठवली होती आणि भांडाराकडून काहीच आले नाही, असे दिसले, तर तुमचा प्रश्न त्या अधिकाऱ्याला नाही, जिल्ह्याला आहे. जिल्ह्याकडेच लस नव्हती, तर प्रश्न राज्याच्या खरेदीला आहे, आणि त्यासाठी 2023 च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण अस्तित्वात आले आहे. उलट साठा होता आणि तरीही चिठ्ठी दिली गेली, तर प्रश्न थेट त्या खिडकीवरचा आहे. हक्काच्या मागणीतील सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते की, लोकांचा सगळा राग समोर दिसणाऱ्या परिचारिकेवर निघतो आणि ज्या खुर्चीत खरे उत्तर दडलेले असते तिथपर्यंत तो पोचतच नाही. दोन पदे रिकामी असलेल्या उपकेंद्रात एकटी राबणारी आरोग्यसेविका ही त्याच अन्यायाची दुसरी बाजू आहे. तिच्या क्वार्टरला पाणी नसेल, तर तेही तुमच्या यादीत आले पाहिजे.

अशी आठ-दहा पक्की प्रकरणे पुरेशी आहेत. चाळीस कच्च्या तक्रारी गोळा करण्यापेक्षा ती निवडून, घासून तयार करावीत. त्यांच्या जोडीला पाच-सहा गावांचे प्रगतिपुस्तक करावे: आरोग्यसेविकेची भेट, लसीकरण, औषधे, प्रसूतीची सोय, वागणूक, गाडी, असे मोजके विषय घेऊन गावाच्या बैठकीत प्रत्येकाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यावा आणि तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. वाचता न येणाऱ्यालाही तो समजतो. या बैठकीला पुरुषच बोलत राहिले तर प्रसूतिगृहाची खरी अवस्था कधीच बाहेर येत नाही, म्हणून महिलांची बैठक वेगळी, त्यांच्या सवडीच्या वेळी घ्यावी. वस्ती, पाडा आणि मूळ गाव यांना वेगळे रंग मिळाले तर ते तसेच वेगळे ठेवावेत. सरासरी काढली की पाड्याचा लाल रंग पुसला जातो.

कोणाला बोलवावे

पत्र चुकीच्या कार्यालयात गेले, तर ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ या एका ओळीवर दोन महिने जातात. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत. त्यांची जबाबदारी तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी यांची. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिल सर्जनच्या, अखत्यारीत असते. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे, शहरातील दवाखाने महापालिकेचे, आणि विमाधारक कामगारांचे रुग्णालय कर्मचारी राज्य विमा योजनेचे. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून जिल्ह्याला, असे रेफर होत गेलेले प्रकरण असेल, तर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सिव्हिल सर्जन या दोघांनाही एकाच मांडवात आणावे लागते, नाहीतर प्रत्येकजण अनुपस्थित कार्यालयाकडे बोट दाखवतो.

निमंत्रणपत्र किमान पंधरा दिवस आधी द्यावे, आवक शिक्का मारलेली पोच घ्यावी, आणि सोबत विषयांची यादी जोडावी. यादी आधी देऊ नये, अधिकारी सारवासारव करतील, असे काही कार्यकर्ते म्हणतात. माझे मत उलटे आहे. सुनावणीच्या आधीच लस आली, बंद पडलेला नळ चालू झाला, रिकाम्या पदावर माणूस आला, तर लोकांचे काम झाले. आणि अधिकाऱ्याला तयारीला वेळ दिलेला असल्यामुळे ‘माहिती घेऊन सांगतो’ ही पळवाटही राहत नाही. गटविकास अधिकारी, पंचायत समितीचे सभापती, जिल्हा परिषद सदस्य आणि रुग्ण कल्याण समितीचे सदस्य यांनाही बोलवावे, कारण केंद्राच्या किरकोळ दुरुस्तीचा पैसा बहुधा याच समितीच्या हातात असतो. मोर्चा आणि निवेदन यांनाही त्यांची जागा आहे. पण निवेदन देतानाचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला की अनेकदा त्या निवेदनाचा प्रवासही तिथेच संपतो.

सुनावणीचा दिवस

बाजाराचा दिवस आणि पेरणीचे आठवडे टाळावेत. शक्य असेल तर केंद्राच्याच आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसावे. तीन ते पाच जणांचे पंच मंडळ असावे: एखादे वकील, बाहेरच्या तालुक्यातील डॉक्टर, महिला संघटनेतील अनुभवी कार्यकर्ती, पत्रकार. पंच कोणत्याही पक्षाचे उमेदवार नसावेत. ज्यांच्यावर तक्रार आहे त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या आशा ताईंना साक्षीला उभे करू नये. त्यांचे मानधन त्याच कार्यालयातून निघते. त्यांनी दिलेली माहिती कागदांतून आणि रुग्णांच्या तोंडून पुढे यावी.

बयाण देणाऱ्याला पाच मिनिटे मिळावीत आणि माईक आधी त्याच्याच हातात जावा. पुढाऱ्यांची प्रास्ताविके लांबली की दूरच्या पाड्यावरून आलेली बाई शेवटच्या गाडीसाठी उठून निघून जाते. कोरकू, भिली, पावरी बोलणाऱ्यांनी आपल्याच भाषेत बोलावे आणि शेजारी बसलेल्या तरुणाने वाक्यावाक्याला मराठी करावे. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात किंवा लैंगिक अत्याचार यांच्याशी संबंधित प्रकरण लोकांसमोर नावानिशी मांडूच नये. एचआयव्हीबाबत तर 2017 च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे. अशी बयाणे नाव झाकून पंचांच्या हाती लेखी द्यावीत. इतर बाबतींतही संमती दोनदा विचारावी, एकदा लिहून घेताना आणि एकदा सुनावणीच्या सकाळी. रात्रीतून घरात दबाव आलेला असू शकतो, आणि ज्याला मागे हटायचे आहे त्याला कोणताही प्रश्न न विचारता हटू द्यावे.

प्रकरणे विषयवार मांडावीत. औषधांची तीन बयाणे झाली की लगेच अधिकाऱ्याचे उत्तर घ्यावे, मग प्रसूतीच्या विषयाकडे वळावे. सगळी उत्तरे शेवटी ठेवली की ती एका सर्वसाधारण भाषणात विरून जातात. पंचांनी प्रत्येक उत्तरानंतर तोच प्रश्न चिकाटीने विचारावा की हे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. ‘लवकरच’ हा शब्द इतिवृत्तात जाऊ देऊ नये. जे चांगले चालले आहे तेही सांगावे. पावसाळ्यात ओढा ओलांडून लसीकरणाला येणाऱ्या सेविकेचे नाव त्या मांडवात आदराने घेतले गेले, तर इतरांनाही कळते की लोक डोळे उघडे ठेवून पाहत आहेत.

आवाज चढला तरी हात उचलला जाणार नाही, याची जबाबदारी संयोजकांची आहे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यातील गुन्हा अजामीनपात्र आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, डॉक्टरवर एकदा हल्ला झाला की दुर्गम केंद्रात यायला पुढचा डॉक्टर तयार होत नाही, आणि त्याची किंमत तेच गाव मोजते. शेवटी सर्व निर्णय मोठ्याने वाचून दाखवावेत आणि उपस्थित अधिकाऱ्यांच्या सह्या तेथेच घ्याव्यात.

खासगी आणि धर्मादाय रुग्णालये

हक्काचा विचार सरकारी फाटकाशी थांबत नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना लागू असलेल्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये मोठी सुधारणा झाली. रुग्णहक्कांची सनद आणि खाटेचे भाडे, डॉक्टरांची भेट, शस्त्रक्रियागृह, प्राणवायू अशा मुख्य सेवांचे दर ठळक जागी लावणे आता बंधनकारक आहे, आणि तक्रारीसाठी स्थानिक यंत्रणेने तक्रार निवारण कक्ष ठेवायचा आहे. चार जणांनी मिळून शहरातील रुग्णालयांच्या दर्शनी भागांची पाहणी करावी, कुठे सनद आहे आणि कुठे नाही याची यादी करावी, आणि ती महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला द्यावी. बिलाच्या थकबाकीसाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हेही सनदेत आहे. उपचारांच्या नोंदी मागितल्यावर 72 तासांत देणे हे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचा भाग आहे. नोंदी मागताना अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच जपावी. पुढे कोणत्याही मंचावर जायचे झाले तर पहिला कागद हाच लागतो.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग तर खेड्यातून पुण्या-मुंबईला आलेल्या कुटुंबांनी आधी विचारायला हवा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक आणि उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे हाही त्याच योजनेचा भाग आहे. उत्पन्नाची मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून चालू आकडा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून विचारून घ्यावा. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका असावी, आणि रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाची भेट दाखल होतानाच घ्यावी. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात पडल्यावर धावाधाव केली तर फार थोडे हाती लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात हेच काम आरोग्यमित्राकडे असते. विमा योजनेने बरेच जीव वाचले आहेत हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की, ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांपुरती असते. महिनोन्महिने लागणारी रक्तदाबाची गोळी गावातच मिळाली पाहिजे, ही मागणी तिने भागत नाही.

इतिवृत्तानंतर

सुनावणीचे इतिवृत्त आठवड्याच्या आत सर्व कार्यालयांना पोचवावे आणि आश्वासनांचा एक साधा तक्ता करून एकाच व्यक्तीकडे सोपवावा. दिलेली तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी स्मरणपत्र जावे. पुढच्या ग्रामसभेत या विषयाचा ठराव करून घ्यावा. उपकेंद्राची दुरुस्ती, पाणी, रस्ता अशा गोष्टी ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसवता येतात, आणि गावातील आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीची बैठक खरोखर होते की कागदावरच, हेही त्याच सभेत विचारावे. तालुक्यात दाद न मिळाल्यास महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनात प्रकरण न्यावे. सहा महिन्यांनी दुसरी सुनावणी घ्यावी आणि तिची सुरुवात जुन्या इतिवृत्ताच्या वाचनाने करावी. जेथे लोकाधारित देखरेखीचे काम सातत्याने झाले, तेथे बाहेरून औषधे आणायला लावणे आणि बेकायदा पैसे घेणे कमी झाले, हा महाराष्ट्राचा अनुभव अशा पुन्हापुन्हा घेतलेल्या सुनावण्यांमधून आला आहे.

एखाद्या प्रकरणात उपचार नाकारल्यामुळे मृत्यू किंवा कायमची इजा झाली असेल, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करावी. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ती मराठीत चालते. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी. न्यायालयात जावे लागलेच, तर महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मेळघाटातील कुपोषण आणि बालमृत्यूंचा प्रश्न याचिकांमधूनच वर्षानुवर्षे उच्च न्यायालयापुढे जिवंत राहिला आहे.

काही प्रश्नांची उत्तरे जिल्ह्यात नसतातच. रिक्त पदांची भरती, औषध खरेदी आणि अंदाजपत्रक हे मुंबईत ठरते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचे आणि राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा 8 टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. आपल्या आमदारांना याच आकड्यांवर प्रश्न विचारावा. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, खासगी डॉक्टरांच्या मोठ्या विरोधानंतरही केला, आणि महाराष्ट्रात तसा कायदा व्हावा ही मागणी तालुक्यातालुक्यांच्या इतिवृत्तांसह गेली तरच तिला वजन येईल. विधिमंडळातील तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. म्हणून रिक्त पदांची यादी, माहिती अधिकारात मिळालेली साठ्याची नोंद आणि सुनावणीचे इतिवृत्त यांचा एकत्र संच करून तो अधिवेशनाच्या किमान दोन महिने आधी आमदारांच्या कार्यालयात द्यावा. त्याची एक प्रत विरोधी बाजूच्या आमदारांनाही द्यावी आणि दोन्ही ठिकाणची पोच तालुक्याच्या फाईलला लावून ठेवावी.